अल्डोनाचा बैरागी

अल्डोना पेटकस शिकागोत सत्तावीस वर्षं सिटी बस चालवत होती. त्यातली बावीस वर्षं ती दर मे महिन्यात ड्यूटीच्या आधी पक्षी बघायला टोकावर यायची. आमच्या बागेचा जो भाग सरोवरात घुसलाय त्याला सगळे टोक म्हणतात. चार-पाच एकर गवत, मधून झुडपांची लांब रांग, काठाने विलोची झाडं, आणि मागे वळून पाहिलं की शहराच्या काचेच्या इमारती. अल्डोनाच्या अंगात बस ड्रायव्हरचं निळं जाकीट असायचं आणि गळ्यात जुनी दुर्बीण. तिचा पट्टा तुटला तेव्हा तिने बुटाची नाडी बांधली होती ती तशीच राहिली. आम्हा पक्षीवेड्यांतल्या काहींच्या दुर्बिणी तिच्या मोटारीपेक्षा महाग होत्या, पण पानांआडून नुसतं 'चिक्' झालं की सगळे तिच्याकडे बघायचे.

"कोण गं, अल्डी?"

"मॅग्नोलिया वार्बलर. खालच्या फांदीवर, डावीकडे. अरे डावीकडे, ग्लेन! बस चालवली असतीस तर रोज एक खांब पाडला असतास."

ग्लेन म्हणजे मी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. अल्डोनाचं जे झालं त्यात माझा हात होता, म्हणून हे दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

मे महिन्यात वार्बलर उत्तरेकडे निघतात. बोटभर लांबीचे पक्षी, पिवळे, केशरी, निळे, आणि एका जागी क्षणभर ठरतील तर शपथ. दक्षिणेचा वारा सुटला की रात्रभर उडतात. पहाटे वारा फिरला, धुकं आलं, की खाली पाणीच पाणी दिसतं आणि मग दिसेल त्या पहिल्या झाडावर येऊन पडतात. आमचं टोक म्हणजे ते पहिलं झाड. अशा सकाळी झुडपांत इतके पक्षी असतात की माना वर करून करून रात्री उशीवर डोकं टेकवत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी पाचला आम्ही पुन्हा हजर.

अल्डोनाला आणखी एका माणसासाठी बघावं लागायचं. तिचा नवरा व्हीटस ओतशाळेत कामाला होता. तिथल्या धुळीने त्याची फुप्फुसं गेली. गेली चार वर्षं तो खिडकीपाशी, नाकात नळ्या, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरतंय, असा बसून असायचा. कधीकाळी टोकावर दोघं बरोबर यायची. आता ती दुपारी ड्यूटी संपवून घरी गेली की बूट काढायच्या आत तो लाडाने विचारायचा, "हं, अल्दुते, बोल." मग ती वही उघडून वाचायची. कुठला पक्षी, कुठल्या झाडावर, काय करत होता. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "कुंपणाजवळच्या विलोवर? वाकलेल्या?" मी दोन-तीनदा त्यांच्या घरी जेवायला होतो तेव्हा हे पाहिलंय. बीटचं गार सूप पुढ्यात तसंच राहायचं आणि ही दोघं झाडांची नावं घेत बसायची.

त्या वर्षीच्या नऊ मे रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी अल्डोना काठाच्या विलोखाली एकटी उभी होती. धुकं होतं, अंगाला झोंबणारा वारा होता. वर काळ्या गळ्याचे हिरवे वार्बलर फिरत होते. हा आमच्याकडचा अगदी रोजचा पक्षी. त्यांच्यात तिला एक वेगळा आवाज आला. तिने दुर्बीण लावली. पक्ष्याचा सगळा चेहरा पिवळाधमक, त्यावर एक रेघ नाही. गळा काळा, पाठ राखाडी, कुशी स्वच्छ पांढऱ्या. चाळीस सेकंद तो समोर होता. मग पान हललं आणि गेला.

तो बैरागी वार्बलर होता. हा पक्षी राहतो पश्चिम किनाऱ्यावरच्या डोंगरात, उंच सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यावर, आमच्यापासून दोन हजार मैलांवर. आमच्या राज्यात तो तोवर कधीच कुणाला दिसला नव्हता.

मी सहा वीसला पोचलो. वाटेत कॉफीसाठी थांबलो होतो. अल्डोना धावत समोर आली. दुर्बीण छातीवर आपटत होती.

"ग्लेन, बैरागी! आत्ता! इथे, या फांदीवर!"

"काळ्या गळ्याचा असेल गं. धुक्यात पाठ राखाडी दिसते."

"मी बावीस वर्षं काळ्या गळ्याचे बघतेय! तोंडावर हिरवा डाग नव्हता. कुशीवर रेघा नव्हत्या. गाणं वेगळं होतं. तू ऐक, थांब, गप्प राहा, ऐक."

आम्ही दोघं वीस मिनिटं ऐकत राहिलो. मग तिने फोन केले आणि वीसेक माणसं आली. काळ्या गळ्याचे अकरा मोजले. बैरागी नव्हता. सव्वासातला तिला निघावं लागलं. जाता जाता ती माझा दंड धरून म्हणाली, "तू तरी शोधत राहा रे. रात्री व्हीटसला श्वास घेता येत नव्हता, मी त्याला धरून बसले होते, डोळ्याला डोळा नाही लागला माझा. पण सकाळी हा दिसला बघ. वाटलं, कुणीतरी मला काहीतरी दिलं."

ते वाक्य तिने मैत्रीत म्हटलं होतं. मी पुढे ते वापरलं.

राज्यात नवा पक्षी दिसला की त्याची नोंद सात जणांच्या समितीकडे जाते. समितीचा प्रमुख ड्वाइट मेरिवेदर. निवृत्त दंतवैद्य, शांत, काटेकोर, कुणाचं वाईट न चिंतणारा. सातांत मीही होतो. अल्डोनाने पाच पानी अहवाल पाठवला. हाताने काढलेलं चित्र, त्यात रंगीत पेन्सिलीने पिवळा भरलेला. फोटो नव्हता. तिच्याकडे कॅमेराच नव्हता. तोवर टोकावर प्रत्येकाच्या खांद्याला हातभर लांब भिंगाचे कॅमेरे आले होते आणि ज्याचा फोटो नाही तो पक्षी नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं.

समितीत चर्चा लेखी होते. मी लिहिलं: 'निरीक्षक अत्यंत अनुभवी आहे. मात्र त्या रात्री तिला घरच्या आजारपणामुळे अजिबात झोप मिळाली नव्हती, हे तिने स्वतः मला सांगितलं. ते लक्षात घ्यावं.'

मला वाटलं मी प्रामाणिकपणा करतोय. बाकीच्या सहांनी ते लक्षात घेतलं. सातही मतं नोंदीच्या विरोधात पडली. आणि समितीचा नियम असा की सगळ्यांची टिपणं निरीक्षकाला पाठवायची.

तिने मला फोन केला नाही. टोकावर भेटली तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "तुला कॉफी घ्यायला थांबायचं होतं ना, आणखी थोडा वेळ थांबला असतास तर मी काही बोललेच नसते."

पण तोवर ती पक्ष्याच्या मागे लागली होती. आपला बैरागी अजून टोकावरच आहे, वारा उत्तरेचा आहे तोवर तो जाणार नाही, फक्त एक फोटो हवा, असं तिने मनाशी घेतलं. भाच्याचा कॅमेरा मागून आणला. पहाटे साडेचारला यायची. कामावर उशीर व्हायला लागला. मग सकाळची पाळी बुडाली, मग दोन, मग आठवड्यात तिसरी. डेपोने तिला दहा दिवस घरी बसवलं. सत्तावीस वर्षांत तिची एक तक्रार नव्हती. ती मला म्हणाली, "बरं झालं, आता दिवसभर बघता येईल." ती हे हसून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

पावसात ती झाडाखाली उभी असायची. जाकिटाच्या बाह्यांतून पाणी गळायचं. ओळखीचं कुणी आलं की कॅमेऱ्याचा पडदा पुढे करायची. "हा बघ. पाठ बघ. राखाडी नाही का?" पडद्यावर हिरवट धूसर काहीतरी असायचं. लोक म्हणायचे, "हो गं, सांगता येत नाही," आणि दुसऱ्या वाटेने जायचे. ती वाट कुठे जात नव्हती, तरी जायचे. त्यांत मीही होतो.

एकवीस मेला तिने पुन्हा सगळ्यांना फोन केले. "आहे! समोर आहे! या!" पन्नासेक माणसं आली. कामावरून निघून आली, टॅक्सी करून आली, एक जण मुलाला शाळेत न सोडताच आला. पक्षी झुडपाच्या आत सावलीत होता. अल्डोना बोट दाखवत होती आणि तिचा आवाज चिरकला होता. "चेहरा बघा! चेहरा!" मग पक्षी उडून उन्हात येऊन बसला. हिरवी पाठ. गालावर डाग. कुशीवर काळ्या रेघा. काळ्या गळ्याची मादी, रोजची.

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला आधी चष्म्याच्या दुकानात न्या रे." दोघं-तिघं हसले. पन्नास माणसं पांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती तशीच उभी होती. मी जवळ गेलो तर ती पुटपुटत होती, "तो नव्हता. पण नऊ तारखेला होता. नऊला होता, ग्लेन."

त्याच संध्याकाळी ड्वाइटचं पत्र गेलं. सौम्य शब्दांतलं पत्र होतं. अलीकडच्या घटना पाहता पेटकसबाईंच्या गेल्या बावीस वर्षांतल्या चौदा दुर्मीळ नोंदी फेरतपासणीसाठी बाजूला काढण्यात येत आहेत, असं त्यात होतं.

दोन दिवसांनी मी शाळेतून निघालो तेव्हा गाड्या लावतो तिथे ती माझ्या गाडीला टेकून उभी होती. पायांजवळ कापडी पिशवी. पिशवीत तिच्या वह्या.

"या घे. तूच बघ. प्रत्येक दिवस लिहिलाय. वारा, ढग, तास, सगळं. त्या चौदांतल्या नऊ नोंदी व्हीटसबरोबरच्या आहेत. त्या चुकीच्या ठरल्या तर तोही चुकीचा ठरतो. त्याला आता टोकावर येऊन शपथ घेता येत नाही रे!"

"अल्डी, मी ड्वाइटशी बोलतो."

"काय बोलशील? माझी झोप झाली नव्हती, हे?"

ती एकदम खाली बसली, डांबरावर, पिशवी मांडीवर घेऊन. शाळेची पोरं बघत होती.

"मला सांग काय करायचं ते. करते मी. काय हवंय त्यांना? माझा डोळा काढून देऊ?"

मी ड्वाइटशी बोललो. तो मुद्दाम आडमुठेपणा करणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "अडचण त्या एका पक्ष्याची आहे. चूक कुणाचीही होते. तिने चूक मान्य करून तो अहवाल मागे घेतला तर बाकीच्यांवर संशय घ्यायला मला कारण उरत नाही. चांगला निरीक्षक चूक कबूल करतो, तीच तर त्याची खूण." मला हे समंजस वाटलं. मीच तिच्यासाठी मजकूर तयार केला. चार ओळी. 'दि. ९ मे रोजी मी पाहिलेला पक्षी काळ्या गळ्याचा हिरवा वार्बलर असावा, असं आता मला वाटतं. सदर अहवाल मी मागे घेत आहे.'

मे संपता संपता तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर ते वाचलं. आतल्या खोलीत यंत्र घरघरत होतं.

"'असावा' खोड," ती हळूच म्हणाली. "खोटंच बोलायचं तर नीट बोलू. 'होता' लिही."

मी 'होता' लिहिलं. तिने सही केली आणि पेन माझ्याकडे न देता सिंकमध्ये टाकलं.

"व्हीटसला यातलं काही कळता कामा नये," ती म्हणाली.

चौदा नोंदी परत जागेवर गेल्या. ती कामावर रुजू झाली. टोकावर मात्र त्या मोसमात पुन्हा आली नाही.

जुलैत मी त्यांच्याकडे गेलो. तिने बटाट्याचा कुगेलिस भाजला होता आणि तो पुन्हा पुन्हा ताटात वाढत होती. व्हीटस फारच खंगला होता. एक वाक्य बोलायला तीनदा थांबायचा. मला जवळ बोलावून म्हणाला, "आमच्या... बैराग्याचं काय ठरलं?"

त्याच्या खुर्चीमागे अल्डोना उभी होती. तिने मान हलवली. नाही, नाही.

"चर्चा चालू आहे," मी म्हणालो. "वेळ लागतो अशा गोष्टींना."

"लागू दे," तो म्हणाला. "घाई करू नका म्हणावं. हिने पाहिलाय म्हणजे... पाहिलाय. मला तिने गाऊन दाखवला." आणि श्वास नसताना त्याने ओठ पुढे करून ते गाणं म्हणायचा प्रयत्न केला. शिट्टीऐवजी नुसती हवा आली. अल्डोना स्वयंपाकघरात निघून गेली आणि नळ जोरात सोडला.

ऑक्टोबरात व्हीटस गेला. त्यांच्या लिथुएनियन चर्चमध्ये टोकावरचे आम्ही सहा जण होतो. शेवटपर्यंत तो विचारत होता, असं तिने मला सांगितलं. "काही पत्र आलं का?" आणि ती रोज म्हणायची, "अजून नाही."

इथवर मला वाटत होतं, की असतात अशी माणसं, ज्यांना एखादी चूक गिळता येत नाही. मलाही खरंच वाटत होतं की तिने काळ्या गळ्याचाच पाहिला.

आमच्या शहरात वसंतात आणि शरदात पहाटे काही माणसं उंच इमारतींच्या पायथ्याशी फिरतात. काचेवर आपटून पडलेले पक्षी गोळा करतात. मेलेले एका संग्रहालयाच्या शीतपेटीत जातात, प्रत्येकाला तारीख आणि जागेची चिठ्ठी. एकेका सकाळी शेकडो असतात, त्यामुळे नाव घाईघाईत लिहिलं जातं. मग हिवाळ्यात ते बाहेर काढून, साफ करून, कापूस भरून ठेवतात. त्या फेब्रुवारीत हे काम करायला एक नव्या बाई आल्या होत्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनच्या. काळ्या गळ्याच्या वार्बलरांचा एक गठ्ठा त्यांच्यापुढे होता. त्यातला एक हातात घेऊन त्या म्हणाल्या म्हणे, "हा इथे कसा? हे तर आमच्या घरामागे असतात."

ड्वाइटने मला संग्रहालयात बोलावून घेतलं. ट्रेमध्ये पांढऱ्या कापसावर तो उताणा ठेवला होता. पिवळा चेहरा, त्यावर एक रेघ नाही. काळा गळा. ड्वाइटने तो चिमट्याने पालथा केला. राखाडी पाठ. पायाला चिठ्ठी: अकरा मे. जागा टोकापासून चार मैलांवर, नदीकाठची काचेची इमारत.

ड्वाइट किती तरी वेळ चष्मा पुसत होता. शेवटी म्हणाला, "तिला कोण सांगणार?"

मी तिची बस गाठली. दुपारची वेळ, बर्फ पडत होता. मी चढलो तेव्हा तिने आरशातून पाहिलं आणि बस पुढे काढली. मी शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिलो. सगळे उतरले, एक म्हातारी तेवढी मागच्या सीटवर पेंगत होती. अल्डोनाने इंजिन बंद केलं.

"बोल. मेलंय का कुणी?"

मी सांगितलं. तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"कुठली तारीख म्हणालास?"

"अकरा."

"अकरा," ती म्हणाली. "मी अठ्ठावीसपर्यंत शोधत होते." मग, "मी पावसात उभी राहून त्याला हाका मारायचे रे. वेड्यासारख्या. ये बाबा, एकदाच ये. आणि तो फ्रीजमध्ये."

"अल्डी, तू बरोबर होतीस."

"ते मला माहीत होतं!" ती ओरडली. तिचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "मला माहीत होतं, ग्लेन! मला सांगायला आलायस तू? ज्याला सांगायचं होतं त्याला मी चार महिने 'अजून नाही, अजून नाही' म्हणत होते! का, तर मी तुझ्या कागदावर सही केली होती! मी त्याला एवढंही म्हणू शकले नाही की ते मूर्ख आहेत, मी पाहिलाय!"

मागची म्हातारी जागी झाली. "काय झालं, बाई? निघायची वेळ झाली का?"

"झाली," अल्डोना म्हणाली. तिने इंजिन चालू केलं. "उतर," ती मला म्हणाली. मी उतरलो.

पंधरा दिवसांनी ती संग्रहालयात आली. मी आणि ड्वाइट होतो. ती ट्रेवर वाकली, पण हात लावला नाही. काही ओळखलं, असं चेहऱ्यावर दिसलं नाही. एवढंच म्हणाली, "किती लहान आहे. वर असताना मोठा वाटला होता."

ड्वाइटने तिची माफी मागितली. मनापासून मागितली. मग तो म्हणाला की नऊ तारखेची नोंद आता मान्य करता येईल, राज्यातली पहिली म्हणून तिच्या नावावर लागेल. फक्त तिने अहवाल मागे घेतलेला असल्यामुळे एक छोटं निवेदन लागेल, की आधीचं निवेदन बरोबर नव्हतं.

ती हसली. आठ-नऊ महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं आणि ते हसणं बघवेना.

"म्हणजे पाहिला असं लिहून दिलं, तेव्हा खरं नव्हतं. नाही पाहिला असं लिहून दिलं, ते चाललं. आता पाहिला नाही असं म्हटलं ते खोटं होतं, हे लिहून देऊ. डॉक्टर, मी बस चालवते. मला तीन वेगवेगळ्या गोष्टींवर सही करायची सवय नाही."

"बाई, नियम आहे—"

"असू दे ना. मी कुठे मोडतेय? नाही देत लिहून."

मी तिला जिन्यात गाठलं. हात जोडले म्हटलं तरी चालेल. "निदान व्हीटससाठी दे," मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या खाली सरकलो.

राज्याच्या यादीत बैरागी वार्बलरची पहिली नोंद आजही अकरा मेची आहे. नदीकाठच्या इमारतीच्या पायथ्याशी मृत सापडलेला एक नर. नऊ मेसमोर लिहिलंय, 'निरीक्षकाने मागे घेतली'. मी समितीचा राजीनामा दिला. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही.

पुढच्या मे महिन्यात अल्डोना टोकावर आली नाही. मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं की ती आता पहाटे शहरात इमारतींखाली फिरते, पक्षी गोळा करणाऱ्यांत. एका शनिवारी मी तिथे गेलो. उजाडत होतं. ती भिंतीलगत वाकून चालत होती, एका हातात मासे पकडायची छोटी जाळी, दुसऱ्या हातात कागदी पिशव्यांनी भरलेली मोठी थैली. गळ्यात दुर्बीण नव्हती. केस पार पांढरे झाले होते.

"मदत करू?" मी विचारलं.

"पायाखाली बघ," ती म्हणाली. "वर बघत चालशील तर तुडवशील."

तिने मला नाही म्हटलं नाही एवढंच. आम्ही दोन तास फिरलो. एका बँकेच्या दारापाशी सात होते, एका हॉटेलच्या फिरत्या दारात दोन. ती एकेक उचलायची, तळहातावर धरून छाती हलतेय का बघायची, मग चिठ्ठी लिहायची. नाव तिला शोधावं लागत नव्हतं. मधेच म्हणाली, "यांचं बरं असतं. मेलेल्यांना कुणी पुरावा मागत नाही." आणि पुन्हा वाकली. तिच्या थैलीत एकतीस झाले तेव्हा नदीकाठच्या एका काचेखाली एक जिवंत मिळाला, डोळे मिटलेला, चोच उघडी. तिने तो वेगळ्या पिशवीत ठेवून वरची घडी घातली आणि पिशवी जाकिटाच्या आत, छातीशी धरली.

असे जिवंत पक्षी शहराबाहेर औषधोपचार करणाऱ्यांकडे देतात. पण त्यांची गाडी तासभर आधीच निघून गेली होती. आम्ही बसने टोकावर आलो. वर्षभरानंतर ती तिथे पाय ठेवत होती. वाटेवर आमची जुनी मंडळी कॅमेरे लावून उभी होती. एकाने तिला पाहून हात वर केला, मग खाली घेतला. ती सरळ काठाकडे गेली, वाकून पिशवी गवतावर ठेवली आणि उघडली. बराच वेळ काही झालं नाही. आत खरखर झाली, मग तो बाहेर आला, घटकाभर गवतात बसला आणि फुर्रकन् झाडात गेला. माझा हात सवयीने दुर्बिणीकडे गेला. पानांत पिवळं काहीतरी हललं, पण मला नीट दिसलं नाही.

"कोण होता गं?" मी विचारलं.

अल्डोना रिकामी पिशवी चापून चारदा घडी करत होती. तिला पावणेआठला डेपोत हजर व्हायचं होतं.

"तूच ठरव," ती म्हणाली, "आणि तूच लिही. तुझं मानतात."

ती थैली उचलून बसथांब्याकडे निघाली. मी तिच्या मागे चार पावलं गेलो, पण ती वळून बघणार नाही हे मला दिसत होतं, म्हणून थांबलो.